बंद न होणारी उष्णता आणि बेपत्ता पन्नास लिटर

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: किरणोत्सर्गी कचरा हजारो वर्षं सांभाळायचा म्हणजे प्रत्यक्षात काय करतात, फुकुशिमासारखा अपघात टाळण्यासाठी काय केलं जातं, आणि रसायन अभियांत्रिकी शिकणाऱ्या माणसाने या क्षेत्रात यावं का. माझी नोकरीची निम्मी वर्षं कचरा-प्रक्रियेच्या प्लांटवर शिफ्ट करण्यात गेली आणि उरलेली दुसऱ्यांच्या प्लांटवर जाऊन सुरक्षेच्या नावाने खुसपटं काढण्यात. त्यामुळे तुमचे पहिले दोन प्रश्न मला एकच वाटतात. दोन्हीकडे पदार्थ तेच, उष्णता तीच, आणि घोटाळा होतो तोही बहुतेक वेळा एकाच कारणाने: कुणीतरी एक विचित्र आकडा बघतं आणि 'असेल काहीतरी' म्हणून पुढे जातं.

आधी उष्णतेबद्दल. चूल विझवली तरी निखारे धगधगत राहतात, तसं अणुभट्टीचं आहे. फरक एवढाच की निखाऱ्यावर पाणी ओतलं की विषय संपतो, इथे पाणी ओतत राहावं लागतं. नियंत्रक कांड्या आत सोडल्या की विखंडनाची, म्हणजे अणू फुटत राहण्याची, साखळी काही सेकंदांत तुटते. पण तोवर तयार झालेली विखंडनाची राख, म्हणजे शेकडो समस्थानिकं, आपापल्या गतीने क्षय पावत उष्णता सोडत राहतात. तिला आम्ही डिके हीट म्हणतो. भट्टी ३००० मेगावॉट औष्णिक क्षमतेची असेल तर बंद केल्याक्षणी ही उष्णता ६-७ टक्के असते, म्हणजे जवळपास २०० मेगावॉट. तासाभराने ती दीड टक्क्यापर्यंत उतरते आणि दिवसभराने अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण हिशेब करून बघा: तेवढ्या उष्णतेवर दर तासाला वीस टनांहून जास्त उकळतं पाणी वाफ होऊन जातं. ते भरून काढायला पंप हवा, आणि पंपाला वीज हवी.

११ मार्च २०११ रोजी फुकुशिमा दाईइचीच्या चालू भट्ट्या भूकंपाचा धक्का बसताच ठरल्याप्रमाणे बंद झाल्या. बाहेरची वीज गेली, डिझेल जनित्रं सुरू झाली. इथपर्यंत सगळं चोख. मग पाऊण तासाने सुमारे १४-१५ मीटरची लाट आली. आराखड्यात गृहीत धरलेली लाट होती ५.७ मीटरची. बहुतेक जनित्रं टर्बाइन इमारतींच्या तळघरांत होती, ती बुडाली. काही युनिटांच्या बॅटऱ्याही बुडाल्या. कंट्रोल रूममधल्या लोकांनी गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणून मीटर वाचले, इतकी वेळ आली. सहाव्या युनिटचं एक जनित्र हवेवर थंड होणारं होतं आणि वरच्या जागी बसवलेलं होतं. तेवढं वाचलं, आणि त्या एकाच्या जिवावर पाचवं आणि सहावं युनिट तरलं. 'आणखी दोन जनित्रं लावा, झालं' असं म्हणणाऱ्याला मी एवढंच सांगतो की एकाच तळघरात दहा जनित्रं ठेवली तर लाटेच्या दृष्टीने ते एकच असतं.

हा धडा नवा नव्हता, याचं जास्त वाईट वाटतं. २२ मार्च १९७५ रोजी अमेरिकेतल्या ब्राउन्स फेरी केंद्रात एक कामगार भिंतीतल्या केबलींच्या भोकातून हवा झिरपते का हे मेणबत्तीच्या ज्योतीने तपासत होता. भोक बुजवायला वापरलेल्या फोमने पेट घेतला आणि १६०० हून अधिक केबली जळाल्या. एकमेकींना पर्याय म्हणून बसवलेल्या यंत्रणांच्या केबली एकाच वाटेने गेल्या होत्या. त्यानंतर केबली वेगवेगळ्या वाटांनी न्यायचे कडक नियम आले. तरीही ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्राच्या पहिल्या युनिटमध्ये टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन आणि तेल पेटलं, आणि पुन्हा तेच: केबली एकत्र होत्या, म्हणून एका आगीत सगळी वीज गेली. सतरा तास केंद्र अंधारात होतं. तिथल्या माणसांनी हातात बॅटरी घेऊन वर चढून हाताने झडपा उघडल्या आणि साखळी थांबवणारं बोरॉनचं द्रावण भट्टीत सोडलं. आग विझवायच्या डिझेल पंपांनी बाष्पजनित्रांत पाणी भरून ती उरलेली उष्णता काढली. किरणोत्सर्ग बाहेर आला नाही. ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, पण नवीन पोरांना मी फुकुशिमाच्या आधी ही शिकवतो. कारण इथे माणसांना प्लांट पाठ होता. अंधारात कुठली झडप कुठे आहे हे त्यांना चाचपून सापडलं.

चेर्नोबिलचा उल्लेख टाळता येत नाही म्हणून थोडक्यात. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री जी चाचणी चालली होती ती या उष्णतेसाठीच होती: वीज गेली तर डिझेल सुरू होईपर्यंतच्या मधल्या वेळात फिरत्या टर्बाइनच्या जोरावर पंप चालतील का, हे बघायचं होतं. सुरक्षेची चाचणी म्हणून भट्टी नको त्या अवस्थेत नेली. पाण्याची वाफ झाली की शक्ती वाढणारी ती भट्टी, आणि वर नियंत्रक कांड्यांच्या टोकांना ग्रॅफाइट. बंद करायचं बटण दाबल्यावर पहिल्या क्षणांत शक्ती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. कांड्यांचा हा दोष १९८३ मध्ये लिथुआनियातल्या इग्नालिना केंद्रात दिसला होता. ज्यांना कळायला हवं होतं त्या ऑपरेटरांपर्यंत तो धडपणे पोचला नाही.

फुकुशिमानंतर बदललं ते बरंच साधं आहे, आणि म्हणूनच मला आवडतं. वेगवेगळ्या जागी आणि उंचीवर ठेवलेले फिरते पंप आणि जनित्रं. कुणाचाही पाइप कुणालाही बसेल असे एकसारखे जोड. इमारतीत साठून स्फोट करू शकणाऱ्या हायड्रोजनचं विजेशिवाय पाणी करणारे रिकॉम्बायनर. इमारतीतला दाब सोडायची वेळ आली तर वायू गाळून सोडायची सोय. वापरलेल्या इंधनाच्या तलावात पाणी किती आहे हे वीज गेल्यावरही सांगणारा मीटर. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण २०११ मध्ये चौथ्या युनिटच्या तलावात पाणी आहे की नाही याच शंकेने जगभराची झोप उडाली होती. पाणी होतं.

आता कचरा. 'हजारो वर्षं' हा शब्द सगळ्या कचऱ्याला सरसकट लावतात, तिथूनच गोंधळ सुरू होतो. हातमोजे, बुटांवरची आवरणं, फडकी, जुने ओव्हरऑल, गाळण्या, हा हलका कचरा आकारमानाने साधारण नव्वद टक्के असतो आणि त्यात एकूण किरणोत्सर्गापैकी टक्काभर. तो दाबतात, जाळतात, सिमेंटमध्ये बसवतात आणि उथळ जागी पुरतात. रुग्णालयांतल्या टेक्निशियम-९९एम चं अर्धायुष्य, म्हणजे पदार्थ निम्मा व्हायला लागणारा वेळ, सहा तासांचं. त्याचा कचरा आठवडाभर कपाटात बंद ठेवला की विषय संपतो. आमचा ढोबळ नियम असा की दहा अर्धायुष्यं गेली की पदार्थ हजाराव्या हिश्श्यावर येतो. सिझियम-१३७ ला तीस वर्षं, म्हणजे तीनशे वर्षांचं काम. प्लुटोनियम-२३९ ला २४ हजार वर्षं, म्हणजे दोन लाख चाळीस हजार. तीनशे वर्षं टिकणारं बांधकाम माणसाला येतं. अडीच लाख वर्षांसाठी बांधकामावर विसंबता येत नाही, खडकावर विसंबावं लागतं. हे दोन वेगळे धंदे आहेत आणि म्हणून वर्गीकरण हे आमच्याकडचं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. एका ड्रममध्ये चुकीची वस्तू पडली की अख्खा ड्रम वरच्या वर्गात जातो, किंवा त्याहून वाईट, खालच्या वर्गात जाऊन बसतो.

पदार्थ कुठल्या रूपात आहे यावर किती अवलंबून असतं हे गोयानियाने दाखवलं. ब्राझीलमधल्या या शहरात सप्टेंबर १९८७ मध्ये एका सोडून दिलेल्या दवाखान्यातून कर्करोग-उपचाराच्या यंत्राचं डोकं भंगारासाठी उचललं गेलं. आत सिझियम क्लोराइडची पूड होती: निळसर चमकणारी, पाण्यात विरघळणारी, बोटांना चिकटणारी. लोकांनी ती कौतुकाने घरी नेली. चार जण दगावले, लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली, घरं पाडावी लागली. तेच सिझियम काचेत किंवा सिरॅमिकमध्ये बांधलेलं असतं तर जवळ बसणाऱ्याला धोका राहिलाच असता, पण ते शहरभर पसरलं नसतं.

म्हणूनच सगळ्यात जहाल द्रव कचऱ्याची काच करतात. वापरलेलं इंधन नायट्रिक आम्लात विरघळवून युरेनियम-प्लुटोनियम काढून घेतलं की जे उरतं ते आधी आटवतात, मग बोरोसिलिकेट काचेच्या घटकांबरोबर सुमारे ११०० अंशांना वितळवून स्टीलच्या डब्यात ओततात. औद्योगिक प्रमाणावर हे फ्रान्समध्ये मार्कूलला १९७८ पासून सुरू झालं. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात काय होतं ते तुमच्यासारख्याला सांगायला हवं. रुथेनियम उडून जातं आणि वायूच्या नळ्यांत जाऊन बसतं. ते कमी व्हावं आणि नायट्रेट मोडावं म्हणून काही प्लांटमध्ये चक्क साखर घालतात. मॉलिब्डेनम किंवा सल्फेट जास्त झालं तर वितळलेल्या काचेवर पिवळी साय धरते. ती पाण्यात विरघळते, आणि सिझियम नेमकं तिच्यात जाऊन बसतं, म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला त्यावरच पाणी. पॅलेडियम, रोडियमसारखे जड धातू भट्टीच्या तळाशी बसून इलेक्ट्रोडमध्ये शॉर्ट करतात. हे सगळं जाड शिशाच्या काचेमागून, यांत्रिक हातांनी हाताळायचं. एक नट सैल करायला अख्खी शिफ्ट गेलेली मी पाहिली आहे.

पण खरी काळजी काच होण्याआधीच्या टाकीची. अपघात म्हटलं की लोकांना भट्टी दिसते, मला टाकी दिसते. २९ सप्टेंबर १९५७ रोजी उरल भागातल्या मायाक संकुलात जमिनीखालच्या एका टाकीत ७०-८० टन जहाल कचरा होता, नायट्रेट आणि अॅसिटेटचे क्षार. टाकीभोवती थंड पाणी फिरायचं. ते थांबलं. मापकं गंजून कामातून गेली होती, त्यामुळे ते कुणाला कळलं नाही. कचरा स्वतःच्याच उष्णतेने तापत गेला, पाणी उडालं, क्षार कोरडे झाले. नायट्रेट प्राणवायू पुरवतं, अॅसिटेट जळतं, बाकी बोलायची गरज नाही. स्फोटाने १६० टनांचं काँक्रीटचं झाकण उडवलं आणि सुमारे ३०० किलोमीटर लांबीचा पट्टा दूषित झाला. सोव्हिएत सरकारने हे कबूल केलं १९८९ मध्ये. त्या स्फोटात अणुविखंडन कुठेच नव्हतं, साधं रसायनशास्त्र होतं. फक्त काडी किरणोत्सर्गाने लावली.

सत्तावन्न वर्षांनंतर त्याच रसायनाने पुन्हा दगा दिला. न्यू मेक्सिकोत जमिनीखाली ६५५ मीटरवर मिठाच्या थरात खोदलेलं विप नावाचं भांडार आहे, १९९९ पासून चालू. १४ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री तिथला एक ड्रम आपोआप तापून फुटला. आत नायट्रेटचे क्षार होते आणि ओल शोषायला मांजरांच्या मलपात्रात घालतात तो चुरा टाकलेला होता. आधी त्यासाठी मातीचा, म्हणजे अजैविक, चुरा वापरायचे. यावेळी गव्हापासून बनवलेला जैविक चुरा भरला गेला. दोन्हीचं नाव एकच, काम एकच. भांडार जवळपास तीन वर्षं बंद राहिलं. पंचवीस कोटी वर्षं जुनं मीठ आपलं काम नीट करत होतं, चूक वर पिशवी बदलताना झाली होती. 'साहित्य बदललंय, पण तसंच आहे' हे वाक्य तपासणीत ऐकलं की मी खुर्ची पुढे ओढतो.

टाक्यांमध्ये तिसरी भानगड वायूची. किरणं पाण्याचे रेणू तोडतात आणि हायड्रोजन सुटत राहतो. वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला जमिनीखाली १७७ टाक्या आहेत, मिळून सुमारे २१ कोटी लिटर कचरा. त्यांतल्या एका टाकीत गाळाखाली हायड्रोजन साठत राहायचा आणि काही महिन्यांनी एकदम ढेकर दिल्यासारखा बाहेर यायचा. इतका की ठिणगी पडली असती तर पेटला असता. १९९३ मध्ये तिच्यात एक पंप सोडून गाळ ढवळत ठेवला, तेव्हा वायू थोडाथोडा सुटायला लागला आणि ढेकरा थांबल्या. त्यामुळे टाकीचा पंखा, वायुवीजन, थंड पाणी, तापमान आणि पातळी यांची नोंद दर पाळीला झालीच पाहिजे. कचरा 'ठेवलेला' नसतो, तो 'चालू' असतो. ज्या प्लांटमध्ये टाक्यांच्या आवाराकडे अडगळ म्हणून बघतात, तिथे मी जास्त वेळ काढतो.

वापरलेलं इंधन तसंच ठेवायचं तर काम त्यामानाने शांत आहे. आधी खोल तलावात, इंधनावर सात-आठ मीटर पाणी. पाणी थंडही करतं आणि किरणंही अडवतं. वर्षभराने टनामागे दहा किलोवॉटच्या आसपास उष्णता उरते, दहा वर्षांनी एक-दीड किलोवॉट. मग कोरड्या पिंपांत ठेवता येतं, जिथे नुसती हवा फिरली तरी पुरते. पंप नको, वीज नको. फुकुशिमाला कोरड्या पिंपांच्या इमारतीतही लाट शिरली होती. पिंपांना काही झालं नाही. तलाव गच्च भरून ठेवण्यापेक्षा थंड झालेलं इंधन वेळेवर पिंपांत काढावं, असं माझं ठाम मत आहे. खर्चाचं कारण सांगून ते पुढे ढकलणारे पुष्कळ भेटतात.

शेवटचा मुक्काम खोल खडक. फिनलंडमध्ये ओल्किलुओतोजवळ ओंकालो नावाचं भांडार सुमारे ४३० मीटर खोल, १९० कोटी वर्षं जुन्या खडकात खोदलं आहे. आत वापरलेल्या इंधनासाठी बिडाचा साचा, त्यावर पाच सेंटीमीटर तांब्याचं कवच, त्याभोवती बेंटोनाइट माती. ही माती पाणी लागलं की फुगते आणि फटी स्वतःच बुजवते. प्रत्येक थर दुसऱ्यावर अविश्वास ठेवून रचलेला आहे, म्हणून तो आराखडा मला पटतो. उलट उदाहरण जर्मनीतल्या आस्सेचं. तिथे तयार मिळालेल्या जुन्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ दरम्यान सव्वा लाखावर ड्रम ठेवले, काही तर उतारावरून नुसते लोटून दिले. खाणीत आता रोज सुमारे बारा घनमीटर पाणी शिरतं, आणि ते सगळे ड्रम पुन्हा बाहेर काढायचं ठरलं आहे. खाण स्वस्तात मिळाली होती.

'लाखो वर्षं काय होईल हे कोण सांगणार?' असं विचारणाऱ्यांसाठी निसर्गाने एक प्रयोग आधीच करून ठेवला आहे. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये गॅबनच्या ओक्लो खाणीतलं युरेनियम तपासताना युरेनियम-२३५ चं प्रमाण ०.७२०२ टक्क्यांऐवजी ०.७१७१ टक्के आलं. एवढासा फरक, पण कुणीतरी तो सोडला नाही. शोध घेता घेता कळलं की सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी तिथे भूजलाच्या साथीने आपोआप अणुभट्ट्या चालल्या होत्या. तेव्हा निसर्गातल्या युरेनियममध्ये २३५ चं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. त्या भट्ट्यांचा कचरा ना तांब्यात होता ना काचेत. तरी प्लुटोनियम जिथे तयार झालं तिथेच क्षय पावलं, आणि विखंडनातली बरीच मूलद्रव्यं जागच्या जागी राहिली. सगळी नाही: वायू आणि सहज विरघळणारी निघून गेली. ओंकालोसारख्या ठिकाणी हिशेब नेमका त्यांचाच मांडतात.

आता अपघात टाळण्याच्या उरलेल्या अर्ध्या भागाबद्दल, म्हणजे माणसांबद्दल. 'मानवी चूक' हा शब्द अहवालात आला की मी पुढचं पान उलटतो, कारण त्या शब्दाने काहीच सांगितलेलं नसतं. ३० सप्टेंबर १९९९ रोजी जपानमधल्या तोकाईमुराच्या इंधन कारखान्यात कामगारांनी समृद्ध युरेनियमचं द्रावण स्टीलच्या बादल्यांनी एका रुंद टाकीत ओतलं. ठरलेली मर्यादा २.४ किलो युरेनियमची, टाकीत गेलं १६ किलोहून जास्त. निळा झोत दिसला आणि साखळी अभिक्रिया सुरू झाली. ती जवळपास वीस तास चालू राहिली, कारण टाकीभोवतीच्या थंड पाण्याच्या आवरणाने साखळी पुढे नेणारे न्यूट्रॉन परत आत जात होते. ते पाणी काढलं तेव्हा थांबली. दोघे गेले. पण बादल्या त्यांनी मनाने आणल्या नव्हत्या. कंपनीच्या स्वतःच्या कार्यपद्धतीतच बादली शिरली होती. लांब, अरुंद नळकांड्यात हे द्रावण कितीही ओतलं तरी सुरक्षित राहिलं असतं, कारण न्यूट्रॉन बाजूने निसटून जातात. म्हणून आमच्याकडे भांड्याचा आकार हाच पहिला नियम. कागदावरची मर्यादा माणूस विसरू शकतो, अरुंद नळकांडं विसरू शकत नाही.

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात एक झडप उघडी अडकली. कंट्रोल रूममधला दिवा सांगत होता की ती बंद झाली. खरं तर दिवा एवढंच सांगत होता की बंद व्हायचा हुकूम तिला गेला. सव्वादोन तासांहून जास्त वेळ पाणी तिथून जात राहिलं आणि अर्ध्याच्या आसपास इंधनगर्भ वितळला. दीड वर्ष आधी, सप्टेंबर १९७७ मध्ये, डेव्हिस-बेसी केंद्रात अशीच झडप अशीच अडकली होती. तिथे वीसेक मिनिटांत लक्षात आलं म्हणून निभावलं, पण ती हकीकत पुढे पोचली नाही. पुढे याच डेव्हिस-बेसीत भट्टीच्या झाकणावर बोरिक आम्ल झिरपत होतं. इमारतीतल्या हवेच्या गाळण्या गंजाच्या पुडीने तुंबायच्या. महिन्यातून एकदा बदलायच्या त्या एक दिवसाआड बदलायला लागल्या. लोकांनी गाळण्या बदलण्याची उत्तम व्यवस्था केली. २००२ मध्ये झाकण तपासलं तर पोलादात आरपार खड्डा पडला होता आणि आतला सगळा दाब सेंटीमीटरभर जाडीच्या स्टीलच्या अस्तरावर तोललेला होता.

इंग्लंडमधल्या सेलाफील्डच्या थॉर्प या वापरलेलं इंधन विरघळवणाऱ्या प्लांटमध्ये टाकीचं वजन करता यावं म्हणून ती लटकवलेली होती. ढवळताना हेलकावे बसून तिची एक नळी थकली आणि तुटली. विरघळवलेलं इंधन, सगळं मिळून ८३ घनमीटर, काही महिने खाली सांडत राहिलं आणि एप्रिल २००५ मध्ये कॅमेऱ्याने दिसलं. खालची स्टीलची खोली त्यासाठीच बांधलेली होती, त्यामुळे थेंबही बाहेर गेला नाही, कुणाला इजा नाही. पण त्याआधी खालच्या खड्ड्यातले नमुने आणि हिशेबातली तूट दोन्ही ओरडत होतं की कुठेतरी पाणी मुरतंय. 'या प्लांटमध्ये गळती होऊच शकत नाही' अशी तिथे पक्की समजूत होती, म्हणून ऐकलं गेलं नाही.

तिसरा प्रश्न: यावं का. रसायनवाल्यांची इथे भट्टीवाल्यांपेक्षा जास्त गरज आहे, हे वरच्या सगळ्यावरून तुमच्या लक्षात आलंच असेल. जुन्या प्लांटची आवराआवर हे पुढच्या कित्येक दशकांचं काम आहे. मात्र तडफदार काहीतरी करायचं असेल तर कंटाळाल. कामाचा नमुना सांगतो.

मी नवीन असताना रात्रपाळीला एका टाकीतून दुसरीत मध्यम पातळीचा द्रव कचरा हलवला. पहिलीतून १२०० लिटर गेले, दुसरीत ११५० आले. मी लॉगबुक भरून शिफ्ट इन्चार्जपुढे सहीला ठेवलं. ते म्हणाले, "पन्नास लिटर कुठे गेले?" मी म्हणालो, "तापमानाचा फरक असेल, सर." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग तापमान लिहून दाखव." लिहायला बसलो तेव्हा कळलं. पाणी गोठण्यापासून उकळण्यापर्यंत तापवलं तर जेमतेम चार टक्के फुगतं, आणि माझी तूट चार टक्क्यांची होती. दोन टाक्यांत पाच अंशांचाही फरक नव्हता. मग दोघे आराखडा घेऊन लाइन चालत गेलो. पहाटे चारच्या सुमारास एक ड्रेनची झडप सापडली, जी पूर्ण बसली नव्हती, आणि तिच्या खालच्या खड्ड्यात आमचे पन्नास लिटर. त्या खड्ड्याला पातळीचा अलार्म होता. पॅनेलवर त्याचा दिवा पेटलेलाही होता, पण त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावलेली होती, कारण तो अधूनमधून उगाच पेटायचा.

पाणी परत टाकीत घेतलं, हिशेब जुळला, साडेपाचला सही झाली. पट्टी कुणी लावली हे मला विचारायचं होतं. त्यांनी विचारू दिलं नाही. सकाळी इन्स्ट्रुमेंटवाले आले तेव्हा त्यांच्यापुढे पट्टी ठेवून एवढंच म्हणाले, "हा दिवा उगाच का पेटतो ते शोधा. तोवर माझा एक माणूस दर तासाला खड्ड्यात बघून येईल." तो माणूस अर्थातच मी होतो, आणि ते काम नऊ दिवस चाललं.